क्रिएटिनिन वाढण्याच्या आधी

मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या घरात एक जाडजूड फाइल असते. तिच्यात सगळ्यात वर असतो तो ताज्या रक्ततपासणीचा कागद, आणि घरातल्या प्रत्येकाची नजर त्यातल्या एकाच ओळीवर जाते. ती ओळ क्रिएटिनिनची. आकडा १.१ असला तर सगळे निवांत. १.४ दिसला की डॉक्टरांना फोन. बाकीचे पंधरा-वीस आकडे कोणी फारसे वाचतही नाही. अनेक रुग्णांना मागच्या सहा तपासण्यांमधले क्रिएटिनिन तोंडपाठ असते.

हा आकडा महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. त्याची अडचण एवढीच की तो उशिरा बोलतो. मूत्रपिंडाला इजा सुरू होऊन बरेच दिवस, कधी कधी महिने उलटल्यावर तो हलतो. म्हणूनच गेली अनेक वर्षे जगभरातले संशोधक रक्तातच दुसऱ्या खुणा शोधत आहेत. बसवलेले मूत्रपिंड पुढे कसे चालेल, त्याच्यावर शरीराचा हल्ला सुरू झाला आहे का, औषध कमी पडते आहे की जास्त होते आहे, हे क्रिएटिनिन वाढण्याच्या आधी कळावे, हा त्यामागचा हेतू. त्यातल्या काही खुणा आता रुग्णालयांत वापरात आल्या आहेत, काही उंबरठ्यावर आहेत. त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची आणि काय ठेवायची नाही, हे समजून घेणे रुग्णाइतकेच त्याच्या घरच्यांच्याही उपयोगाचे आहे.

उशिरा वाजणारी घंटा

क्रिएटिनिन हा आपल्या स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारा टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंडे तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. गाळण मंदावली की तो रक्तात साचू लागतो. जर्मन शास्त्रज्ञ मॅक्स याफे यांनी १८८६ मध्ये दाखवून दिले की पिक्रिक आम्लाबरोबर क्रिएटिनिनचा नारिंगी-लालसर रंग येतो. त्या रंगाची तीव्रता मोजण्याची पद्धत सुधारित रूपात आजही अनेक प्रयोगशाळांमध्ये चालू आहे. चाचणी स्वस्त आहे, तालुक्याच्या गावीही होते आणि त्याच दिवशी निकाल मिळतो. तिची जागा इतक्या वर्षांत कोणी घेऊ शकले नाही, ते यामुळेच.

पण मूत्रपिंडाच्या कामाची रचनाच अशी आहे की सुरुवातीचे नुकसान झाकले जाते. मोरीच्या जाळीची काही भोके कचऱ्याने बुजली तरी पाणी वाहत राहते. उरलेल्या भोकांमधून ते जोरात जाते, आणि पाणी तुंबलेले दिसते तेव्हा बरीचशी जाळी बुजलेली असते. मूत्रपिंडातही गाळण्याचे काम करणारे लाखो सूक्ष्म घटक असतात. त्यातले काही निकामी झाले की उरलेले जास्त काम ओढून घेतात. शिवाय गणितही फसवे आहे. ०.८ वरून क्रिएटिनिन १.६ झाले तर कागदावर वाढ फक्त ०.८ ची दिसते, पण तेवढ्यात गाळण्याची क्षमता जवळपास निम्म्यावर आलेली असते.

दुसरी अडचण स्नायूंची. पंचेचाळीस किलो वजनाच्या बाईचे क्रिएटिनिन १.२ आणि कसरत करणाऱ्या धिप्पाड तरुणाचे १.२, हे आकडे सारखे दिसले तरी त्यांचा अर्थ सारखा नाही. म्हणून वय आणि लिंग लक्षात घेऊन गाळण्याच्या वेगाचा अंदाज काढतात. अहवालात तो ‘ईजीएफआर’ या नावाने येतो. सिस्टॅटिन सी नावाचे दुसरे प्रथिन स्नायूंवर कमी अवलंबून असते, पण त्याच्यावर स्टेरॉइडचा परिणाम होतो आणि प्रत्यारोपण झालेले बहुतेक रुग्ण स्टेरॉइड घेत असतात.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. क्रिएटिनिन वाढले, एवढेच ते सांगते. का वाढले ते सांगत नाही. शरीराने मूत्रपिंड नाकारायला सुरुवात केली असेल, ज्याला रुग्णालयात ‘रिजेक्शन’ म्हणतात. किंवा औषधाची मात्रा जास्त झाली असेल, विषाणूचा संसर्ग असेल, मूत्रनलिकेत अडथळा असेल, नाहीतर दोन दिवसांच्या जुलाबांनी अंगातले पाणी कमी झाले असेल. यातल्या काहींवरचे उपचार एकमेकांच्या अगदी उलट आहेत. खरे कारण शोधायला शेवटी मूत्रपिंडात सुई घालून छोटा तुकडा काढावा लागतो. ही बायॉप्सी आजही निदानाची शेवटची कसोटी आहे. पण तिच्यात रक्तस्रावाचा थोडा धोका असतो आणि ती दर महिन्याला करता येत नाही.

हे मूत्रपिंड किती वर्षे चालेल?

अमेरिकेतील बोस्टन शहरात २३ डिसेंबर १९५४ रोजी जोसेफ मरे यांच्या चमूने पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण केले. दाता आणि रुग्ण हे एकसारखे जुळे भाऊ होते. रिचर्ड हेरिक याला रोनाल्ड हेरिक याने मूत्रपिंड दिले आणि रिचर्ड त्यानंतर आठ वर्षे जगला. दोघांची जनुके सारखीच असल्याने रिचर्डच्या शरीराला ते मूत्रपिंड परके वाटलेच नाही. बाकी सगळ्यांच्या बाबतीत शरीराची संरक्षक यंत्रणा नव्या अवयवाला शत्रू समजते, आणि तिला आवर घालणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. मरे यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, तोवर या औषधांनी प्रत्यारोपणाचे चित्र पालटले होते.

आज चांगल्या केंद्रांमध्ये पहिल्या वर्षाच्या अखेरीस शंभरातली नव्वदहून अधिक मूत्रपिंडे काम करत असतात. खरी लढाई त्यानंतरची आहे. दहा वर्षांनी, पंधरा वर्षांनी काय होईल? पहिल्या वर्षातले यश जितके झपाट्याने वाढले, तितके हे लांब पल्ल्याचे यश वाढलेले नाही. हळूहळू, लक्षण न दाखवता होणारी झीज हे त्याचे एक मोठे कारण आहे.

भारतात हा प्रश्न अधिक टोकदार आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९७१ साली जिवंत दात्याकडून यशस्वी प्रत्यारोपण झाले. १९९४ मध्ये अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आला. २०२३ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक मूत्रपिंडे बसवली गेली. त्यातली बहुतांश जिवंत नातेवाइकांनी दिलेली असतात, आणि या दात्यांमध्ये आई, पत्नी, बहीण यांची संख्या मोठी आहे. मेंदूमृत दात्याकडून अवयव मिळावा म्हणून नाव नोंदवले तर अनेकदा वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. आईने दिलेले मूत्रपिंड निकामी झाले तर घरात दुसरे देणारे कोण, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो आणि त्याला बहुतेक वेळा उत्तर नसते. म्हणून आहे ते मूत्रपिंड जास्तीत जास्त वर्षे टिकवणे, आणि त्यासाठी धोक्याची चाहूल लवकर लागणे, ही चैनीची बाब राहत नाही.

रक्तातली प्रतिपिंडे

सगळ्यात जुनी आणि आजही सर्वात वजनदार खूण म्हणजे प्रतिपिंडे. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर ओळख पटवणाऱ्या खुणा असतात. त्यांना एचएलए म्हणतात. जुळी भावंडे सोडली तर दोन माणसांच्या या खुणा पूर्णपणे जुळणे दुर्मीळ. दात्याच्या एचएलएविरुद्ध रुग्णाच्या रक्तात प्रतिपिंडे आधीच तयार असतील तर नवे मूत्रपिंड शस्त्रक्रियेच्या टेबलावरच काळेनिळे पडू शकते.

हे ठामपणे सिद्ध झाले ते १९६९ मध्ये. रमण पटेल आणि पॉल तेरासाकी यांनी सव्वादोनशे प्रत्यारोपणांचा हिशेब मांडला. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे रक्तद्रव दात्याच्या पेशींशी मिसळून पाहिले होते. ज्या ३० जणांत पेशी मेल्या, म्हणजे प्रतिपिंडे हजर होती, त्यांपैकी २४ जणांची मूत्रपिंडे लगेच निकामी झाली. ज्या १९५ जणांत तसे झाले नव्हते, त्यांच्यात हा आकडा फक्त ८ होता. त्यानंतर ‘क्रॉसमॅच’ ही चाचणी जगभर अनिवार्य झाली. प्रत्यारोपणाचे भविष्य रक्तावरून सांगणारी ही पहिली भक्कम चाचणी, आणि तिने असंख्य अवयव वाया जाण्यापासून वाचवले.

ही प्रतिपिंडे येतात कुठून? कधी आधी घेतलेल्या रक्तातून. म्हणून डायलिसिसवरच्या रुग्णाला शक्यतो रक्त चढवू नये, इंजेक्शनांनी हिमोग्लोबिन राखावे, असा डॉक्टरांचा आग्रह असतो. कधी आधीच्या प्रत्यारोपणातून. आणि कधी गरोदरपणातून. पोटातल्या बाळाच्या निम्म्या खुणा वडिलांच्या असतात, त्यामुळे काही स्त्रियांच्या रक्तात पतीच्या एचएलएविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन राहतात. पुढे त्याच स्त्रीला मूत्रपिंडाची गरज पडली आणि पती द्यायला तयार असला, तरी क्रॉसमॅच आड येऊ शकते. पत्नीचे मूत्रपिंड पतीला देताना हा अडथळा नसतो.

आता याच चाचणीची पुढची आवृत्ती प्रत्यारोपणानंतरही वापरली जाते. सूक्ष्म मण्यांवर एकेक एचएलए चिकटवून रुग्णाच्या रक्तात नेमके कशाविरुद्ध प्रतिपिंड आहे ते शोधता येते. दात्याविरुद्धच्या या प्रतिपिंडांना ‘डीएसए’ म्हणतात. प्रत्यारोपणाच्या वेळी नसलेली प्रतिपिंडे काही वर्षांनी नव्याने दिसली तर तो गंभीर इशारा मानतात, कारण क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी ती दिसू शकतात. अशी प्रतिपिंडे उगवण्यामागे बऱ्याचदा एक साधे कारण सापडते. मधल्या काळात गोळ्या चुकलेल्या असतात.

मात्र प्रतिपिंडे दिसली म्हणजे मूत्रपिंड उद्या बंद पडणार, असेही नाही. काही रुग्णांत ती वर्षानुवर्षे असतात आणि मूत्रपिंड चालू राहते. अहवालात त्यांचे प्रमाण आकड्यात येते, पण दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतीलच असे नाही.

परक्या डीएनएचे तुकडे

गेल्या काही वर्षांत सर्वाधिक चर्चा झाली ती एका वेगळ्याच खुणेची. शरीरातल्या पेशी सतत मरत असतात आणि त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात येतात. अगदी थोड्या वेळात, मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत, शरीर ते साफ करून टाकते. डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले की गरोदर स्त्रीच्या रक्तद्रवात बाळाच्या डीएनएचे तुकडेही असतात. मुलगा असेल तर आईच्या रक्तात वाय गुणसूत्र सापडते. पुढच्याच वर्षी त्यांच्या गटाने हा विचार प्रत्यारोपणाला लावला. पुरुषाचे मूत्रपिंड किंवा यकृत मिळालेल्या स्त्रियांच्या रक्तात त्यांना वाय गुणसूत्राचे तुकडे मिळाले. ते त्या परक्या अवयवातूनच आलेले होते.

यामागचा तर्क सोपा आहे. बसवलेल्या मूत्रपिंडावर हल्ला झाला की त्याच्या पेशी जास्त मरणार, आणि दात्याचा डीएनए रक्तात जास्त दिसणार. नंतर जनुकीय वाचनाचे तंत्र सुधारले. दाता आणि रुग्ण यांच्या डीएनएमधले शेकडो बारीक फरक मोजून, दाता पुरुष असो वा स्त्री, त्याचा वाटा काढणे शक्य झाले. प्रत्यारोपणानंतर पहिले काही दिवस हा वाटा जास्तच असतो, कारण काढून पुन्हा बसवताना मूत्रपिंडाला इजा होतेच. एक-दोन आठवड्यांत तो खाली येतो आणि सगळे सुरळीत असेल तर एक टक्क्याच्या बराच खाली राहतो.

अमेरिकेत झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०२ रुग्णांच्या बायॉप्सी आणि रक्तातला हा वाटा यांची तुलना केली गेली. सीमा धरली होती एक टक्का. त्याच्या वर निकाल आलेल्या शंभर नमुन्यांपैकी ६१ मध्ये बायॉप्सीत रिजेक्शन सापडेल, आणि खाली आलेल्या शंभरांपैकी ८४ मध्ये सापडणार नाही, असे त्या आकड्यांचे सार. म्हणजे चाचणी उपयोगाची आहे, पण वर निकाल आलेल्यांपैकी ३९ जणांमध्ये रिजेक्शन नसते आणि खाली आलेल्यांपैकी १६ जणांमध्ये ते असते, हेही त्याच आकड्यांत दडलेले आहे. पुढे २०२४ मध्ये युरोप आणि अमेरिकेतल्या १४ केंद्रांमधल्या २,८८२ रुग्णांचा मोठा अभ्यास आला. नेहमीच्या तपासण्यांमध्ये या चाचणीची भर घातली तर रिजेक्शन अधिक अचूकपणे ओळखता येते, क्रिएटिनिन स्थिर असतानाही, असे त्यातून दिसले.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. पहिली म्हणजे ही चाचणी मूत्रपिंडाला इजा होते आहे एवढे सांगते. इजा कोणामुळे, हे सांगत नाही. विषाणूच्या संसर्गातही हा वाटा वाढू शकतो. प्रतिपिंडांमुळे होणारे रिजेक्शन ती चांगले पकडते, पण पेशींमुळे होणारे सौम्य रिजेक्शन तिच्या नजरेतून सुटू शकते. दुसरी म्हणजे टक्केवारी हे गुणोत्तर असते. रुग्णाला मोठा संसर्ग झाला आणि त्याच्याच पेशींचा डीएनए रक्तात वाढला, तर दात्याचा वाटा उगाचच कमी दिसतो. तिसरी मर्यादा भारताच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी. आई, वडील, मूल किंवा भावंड दाता असेल तर डीएनएचा मोठा भाग सारखा असतो, म्हणजे फरक ओळखण्यासाठी कमी जागा उरतात आणि हिशेब जास्त काळजीपूर्वक करावा लागतो. एकसारख्या जुळ्यांच्या बाबतीत तर ही चाचणी चालणारच नाही. १९५४ च्या त्या पहिल्या यशस्वी रुग्णाला आजची ही अत्याधुनिक चाचणी काहीच सांगू शकली नसती.

आणि चौथी मर्यादा पैशांची. ही चाचणी महाग आहे, भारतात अजून सर्रास होत नाही, आणि तिचा खरा उपयोग ती पुन्हा पुन्हा केल्यावरच होतो.

गोळीचे माप

नव्या चाचण्यांच्या गर्दीत एका जुन्या आणि तुलनेने स्वस्त चाचणीकडे दुर्लक्ष होते. ती म्हणजे रक्तातल्या टॅक्रोलिमसची पातळी. जपानमधल्या त्सुकुबा इथल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून १९८४ मध्ये हे औषध मिळाले. आज प्रत्यारोपण झालेल्या बहुतेक रुग्णांच्या उपचाराचा तोच कणा आहे. पण त्याची सुरक्षित पट्टी फार अरुंद आहे. पातळी कमी पडली तर रिजेक्शन, जास्त झाली तर औषधच मूत्रपिंडाला इजा करते, हात थरथरतात, साखर वाढते. म्हणून सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचे आणि गोळी बरोबर ठेवून नंतर घ्यायची, असा नियम असतो. गोळी घेऊन रक्त दिले तर आलेला आकडा निरुपयोगी ठरतो.

एकेका निकालापेक्षा जास्त बोलकी गोष्ट म्हणजे निकालांमधली चढउतार. एकाच रुग्णाची पातळी कधी ४, कधी ११, कधी ६ अशी हेलकावत राहिली तर पुढे प्रतिपिंडे तयार होण्याची आणि मूत्रपिंड लवकर निकामी होण्याची शक्यता वाढते, असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. हे भाकीत करायला नवे यंत्र लागत नाही. फाइलमधले मागचे आकडे एका ओळीत मांडले की पुरे.

चढउतारामागे कधी गोळ्यांच्या चुकलेल्या वेळा असतात, कधी दुसरी औषधे. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन सुरू झाले की टॅक्रोलिमसची पातळी झपाट्याने कोसळते. भारतात प्रत्यारोपणानंतर क्षयरोग होणे अपवादात्मक नाही, त्यामुळे ही जोडी इथे खास महत्त्वाची. उलट बुरशीवरचे फ्लुकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविके आणि रक्तदाबावरचे डिल्टियाझेम पातळी वाढवतात. जुलाबांमध्येही ती अनपेक्षितपणे वाढू शकते. ग्रेपफ्रूट आणि त्याच्या जातीचे पपनस टाळायला सांगतात तेही याचमुळे. काही जणांच्या यकृतात आणि आतड्यात हे औषध जनुकीय कारणाने भराभर मोडले जाते आणि त्यांना इतरांपेक्षा मोठी मात्रा लागते. ही जनुकीय ठेवण रक्ताच्या एका चाचणीने आधीच कळू शकते.

दोन विषाणू, दोन इशारे

औषधे जास्त झाली तर दुसऱ्या बाजूने संकट येते. १९७१ मध्ये प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाच्या लघवीत एक विषाणू सापडला. रुग्णाच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला बीके विषाणू म्हणतात. बहुतेकांच्या शरीरात तो लहानपणापासून निपचित पडलेला असतो. प्रतिकारशक्ती फार दाबली गेली की जागा होऊन मूत्रपिंडालाच पोखरतो. अशा वेळी क्रिएटिनिन वाढते, अगदी रिजेक्शनमध्ये वाढते तसेच. पण रिजेक्शनमध्ये औषधे वाढवायची असतात आणि इथे कमी करायची असतात. चुकीचा अंदाज मूत्रपिंडाच्या जिवावर बेततो. म्हणून पहिली दोन वर्षे ठरावीक अंतराने रक्तात या विषाणूचे प्रमाण तपासण्याची पद्धत आहे. ते क्रिएटिनिनच्या आधी वाढते, आणि वेळीच औषधे थोडी कमी केली तर मूत्रपिंड बहुधा वाचते. आधी मिळालेली सूचना आणि तिच्यावर करता येण्यासारखी कृती, हे दोन्ही जिथे जुळून आले आहे, असे हे चांगले उदाहरण.

दुसरा विषाणू गमतीशीर आहे. जपानमध्ये १९९७ साली सापडलेला टीटी विषाणू, तोही एका रुग्णाच्या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा. बहुसंख्य प्रौढांच्या रक्तात तो असतो आणि त्याच्यामुळे कोणताही रोग होतो असे सिद्ध झालेले नाही. प्रतिकारशक्ती जितकी दबलेली, तितकी त्याची संख्या जास्त. म्हणजे तो जणू मापकाचे काम करतो. त्याचे प्रमाण फार कमी असेल तर रिजेक्शनचा धोका, फार जास्त असेल तर संसर्गाचा. त्यावरून औषधांची मात्रा ठरवता येईल का, याची चाचपणी युरोपात सुरू आहे. रोज वापरण्याजोगी ही चाचणी अजून झालेली नाही.

कळले, पण पुढे काय?

कोणतीही एक खूण पुरेशी नाही, हे आता बहुतेक तज्ज्ञ मान्य करतात. म्हणून खुणा एकत्र करून भाकीत करण्याचे प्रयत्न झाले. फ्रान्समधल्या संशोधकांच्या पुढाकाराने तयार झालेली आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘आयबॉक्स’ ही पद्धत सर्वात परिचित. युरोप आणि अमेरिकेतल्या १० केंद्रांमधल्या ७,५५७ रुग्णांची माहिती त्यासाठी वापरली. गाळण्याचा वेग, लघवीतली प्रथिने, दात्याविरुद्धची प्रतिपिंडे, बायॉप्सीतले बदल आणि प्रत्यारोपणाला झालेला काळ यांवरून ३, ५ आणि ७ वर्षांनी मूत्रपिंड चालू असण्याची शक्यता ती काढते. यातल्या बहुतेक गोष्टी नेहमीच्या तपासणीतल्याच आहेत. लघवीतल्या प्रथिनांची साधी चाचणी तर कोणत्याही लॅबमध्ये होते.

पण भाकीत अचूक असणे आणि त्याने रुग्णाचे भले होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमध्ये १३ केंद्रांवर दोन हजारांहून अधिक रुग्ण घेऊन याचीच परीक्षा झाली. नियमित रक्त तपासून ज्यांच्यात एचएलएविरुद्ध प्रतिपिंडे सापडली, त्यांच्यापैकी एका गटाची औषधे नेटकी केली, गोळ्या वेळेवर घेण्याबद्दल समुपदेशन केले. दुसऱ्या गटात नेहमीसारखे उपचार चालू ठेवले. २०२३ मध्ये निकाल आला. मूत्रपिंडे निकामी होण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक पडला नव्हता. चाचणीने धोका दाखवला, पण तो टाळण्याइतके परिणामकारक औषध त्या वेळी हाताशी नव्हते.

हे चित्र बदलू शकते. प्रतिपिंडांमुळे होणाऱ्या चिवट रिजेक्शनवर फेल्झार्टामॅब नावाच्या औषधाचा छोटा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. रुग्ण फक्त २२ होते. सहा महिन्यांच्या सुमारास केलेल्या बायॉप्सीत औषध मिळालेल्या ११ पैकी ९ जणांत रिजेक्शन शमले होते, औषधाविना असलेल्या १० पैकी २ जणांत. दात्याच्या डीएनएचा रक्तातला वाटाही औषधाने खाली आला. प्रयोग लहान आहे, मोठ्या प्रयोगांनी त्याला दुजोरा मिळायला हवा. पण असे औषध हाती आले तर लवकर चाहूल देणाऱ्या चाचण्यांची किंमत एकदम वाढेल, हे उघड आहे.

मूत्रपिंडाबरोबर माणूसही

आणखी एक गोष्ट नजरेआड होते. प्रत्यारोपण झालेल्या अनेकांचा मृत्यू मूत्रपिंड उत्तम चालू असतानाच होतो, हृदयविकाराने किंवा संसर्गाने. त्यामुळे पुढचे भाकीत करणाऱ्या खुणांमध्ये साखर, कोलेस्टेरॉल आणि हिमोग्लोबिन यांचाही समावेश करायला हवा. टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइड यांच्यामुळे आधी मधुमेह नसलेल्या माणसालाही तो जडू शकतो. फाइलमधल्या ज्या पंधरा-वीस आकड्यांकडे कोणी पाहत नाही, त्यातलेच हे काही.

घरच्यांनी करण्याजोगे बरेच आहे, आणि त्याला फार खर्चही लागत नाही. शक्यतो तपासण्या एकाच प्रयोगशाळेत कराव्यात, म्हणजे आकड्यांची तुलना खरी ठरते. क्रिएटिनिन छापील मर्यादेत आहे का एवढेच न पाहता, ते त्या रुग्णाच्या स्वतःच्या नेहमीच्या पातळीपेक्षा किती सरकले ते पाहावे. कायम ०.९ असणाऱ्याचे १.२ झाले तर छापील मर्यादेत असूनही डॉक्टरांना सांगण्याजोगे आहे. टॅक्रोलिमसचे निकाल तारखेनुसार एका कागदावर उतरवून ठेवावेत. ताप, सर्दी, दातदुखीसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यास प्रत्यारोपण झाल्याचे आधी सांगावे, आणि दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळी घेऊ नये.

नवी, महागडी चाचणी कोणी सुचवली तर तिला नकार देण्याचे कारण नाही. पण एक प्रश्न जरूर विचारावा: निकाल असा आला तर काय कराल आणि तसा आला तर काय कराल? दोन्हींचे उत्तर एकच असेल, तर ती चाचणी थांबू शकते. उत्तरे वेगळी असतील, म्हणजे एका निकालावर बायॉप्सी होणार आणि दुसऱ्यावर ती टळणार असेल, तर तो खर्च सार्थकी लागण्याची शक्यता आहे. मूत्रपिंडविकारतज्ज्ञ स्वतःही हाच प्रश्न स्वतःला विचारत असतात.